रूप बदलणारं पाखरू

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर राजे येतात, लढाया येतात, तहनामे आणि सनावळ्या येतात. आज मी ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे, ती मुठीत मावते. ते एक प्लॅस्टिकचं पाखरू आहे. १९९० साली अमेरिकेतल्या हॅस्ब्रो या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने ते बाजारात आणलं. त्याचं नाव साइट्स. बंदुकीचा नेम धरण्यासाठी तिच्यावर जी खूण असते, तिला इंग्रजीत साइट म्हणतात. पाखराचं काम काय, हे नावावरूनच कळावं. त्याची घडी घातली की त्याची बंदूक होई, आणि ती बंदूक जॅकपॉट नावाच्या यंत्रमानवाच्या हातात बसवता येई. हे पाखरू सुटं मिळत नसे. पाकिटावर मोठं नाव जॅकपॉटचं. पाखरू त्याच्या सोबतीला.

तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय आहे? खेळण्यांच्या दुकानात अशा हजार वस्तू असतात. पण आता गंमत बघा. हे खेळणं ज्या मालिकेतलं होतं तिचं नाव ट्रान्स्फॉर्मर्स, म्हणजे रूप बदलणारे. गाडीचा माणूस व्हावा, विमानाचा माणूस व्हावा, हीच त्या खेळण्याची जगभर झालेली ओळख. आणि १९९० साली त्या नावाखाली विकला गेलेला जॅकपॉट मात्र रूप बदलत नव्हता. तो नुसता हातपाय हलवणारा बाहुला होता. रूप बदलत होतं ते त्याच्या सोबतचं पाखरू. धन्याने आपली विद्या सोडून दिली आणि ती नोकराकडे उरली, असा हा प्रकार. तो कसा झाला, हे समजून घ्यायचं तर पाव शतक मागे जावं लागतं.

१९६४ साली याच हॅस्ब्रोने जी. आय. जो नावाचा सैनिक बाजारात आणला. उंची साधारण तीस सेंटिमीटर, अंगावर खऱ्या कापडाचे कपडे, हातापायांना सांधे. खरं तर ती बाहुलीच होती. पण मुलगे बाहुलीशी खेळत नाहीत, हा त्या काळचा पक्का समज. म्हणून कंपनीने बाहुली हा शब्दच टाळला आणि ‘ॲक्शन फिगर’ असा नवा शब्द काढला. शब्द बदलला आणि माल खपला. हाच जी. आय. जो पुढे लहान आकारात फनस्कूल कंपनीमार्फत आपल्याकडेही आला. नव्वदच्या दशकात शहरांत वाढलेल्या अनेकांना तो आठवत असेल.

हा सैनिक जपानलाही गेला. तिथे ताकारा या कंपनीने त्याची विक्री केली. पण जपानी मुलांना अमेरिकन सैनिकाचं फारसं कौतुक वाटण्याचं कारण नव्हतं. तेव्हा ताकाराने त्याच साच्याचा आधार घेऊन १९७२ मध्ये वेगळाच बाहुला काढला. त्याचं अंग पारदर्शक आणि आत यंत्रं दिसणारी. त्याला नाव दिलं हेनशिन सायबोर्ग. हेनशिन म्हणजे रूपांतर. सैनिकाचा यंत्रमानव झाला तो इथे. पुढे १९७३ सालचं तेलसंकट आलं. प्लॅस्टिक तेलापासून बनतं, ते महागलं. आणि लहान बाहुली मुलांना घर, गाडी, तळ यांसह खेळायलाही सोयीची. १९७४ मध्ये ताकाराने जेमतेम दहा सेंटिमीटर उंचीचा मायक्रोमॅन आणला.

या मायक्रोमॅनच्या मालिकेतच १९८३ साली एक फार हुशार कल्पना निघाली. तिचं नाव मायक्रो चेंज. कल्पना अशी, की हे छोटे यंत्रमानव आपल्या घरातच लपलेले आहेत. टेबलावरचा कॅमेरा, सूक्ष्मदर्शक, खेळण्यातली मोटार, टेपरेकॉर्डर, या साध्यासुध्या वस्तू म्हणजे वेश पालटलेले यंत्रमानवच. म्हणून यातल्या बऱ्याच वस्तूंचा आकार खऱ्या वस्तूएवढाच ठेवला होता. वाघ पाच सेंटिमीटरचा केला तर तो खेळण्यातला वाघ असतो. पण कॅसेट कॅसेटएवढीच केली, तर ती दप्तरात खऱ्या कॅसेटशेजारी बेमालूम बसते. लहान मुलाला याहून मोठं गुपित कोणतं हवं?

आपल्या पाखराचा पूर्वज याच कल्पनेतून जन्मला. तेव्हा बोलणं टिपून घेण्यासाठी छोट्या मायक्रोकॅसेट वापरल्या जात. ताकाराने त्या आकाराची एक खेळण्यातली कॅसेट केली. तिच्या घड्या उलगडल्या की पंख निघत, मान निघे, चोच निघे, आणि हातात गिधाडाच्या जातीचा एक पक्षी उरे. नाव काँडर. ही कॅसेट एका टेपरेकॉर्डरच्या पोटात बसे, आणि तो टेपरेकॉर्डर स्वतः यंत्रमानव होई. त्याच्या हत्यारांचीही मौज होती. ती बॅटरीच्या सेलच्या आकाराची होती आणि टेपरेकॉर्डरच्या मागच्या कप्प्यात सेलसारखीच ठेवता येत. सेलचा कप्पा उघडावा आणि आत शस्त्रागार निघावं!

१९८३च्या सुमारास हॅस्ब्रोच्या लोकांनी तोक्योच्या खेळणी प्रदर्शनात ताकाराचा हा माल पाहिला. ही खेळणी अमेरिकेत आणावीत म्हणून ज्यांनी मध्यस्थी केली, त्यांत हेन्री ओरेनस्टाइन यांचं नाव घेतलं जातं. ते मूळचे पोलंडमधले ज्यू. नाझी छळछावण्यांतून ते वाचले, अमेरिकेत आले आणि खेळण्यांच्या धंद्यात त्यांनी नाव काढलं. २०२१ मध्ये, ९८व्या वर्षी त्यांचं निधन झालं. ताकाराच्या दोन वेगवेगळ्या मालिका हॅस्ब्रोने एकत्र केल्या. एक मायक्रो चेंज आणि दुसरी डायाक्लोन, म्हणजे मोटारींचे आणि विमानांचे यंत्रमानव होणारी. १९८४ साली सगळ्यांना मिळून एक नाव मिळालं, ट्रान्स्फॉर्मर्स.

नाव पुरेसं नव्हतं. गोष्ट हवी होती. ती मार्व्हल या चित्रकथांच्या कंपनीकडून लिहून घेतली गेली. तिथल्या बॉब बुडियान्स्की यांनी बहुतेक पात्रांना नावं आणि स्वभाव दिले. ट्रकचा झाला ऑप्टिमस प्राइम, सज्जनांचा नायक. पिस्तुलाचा झाला मेगाट्रॉन, दुष्टांचा म्होरक्या. टेपरेकॉर्डर झाला साउंडवेव्ह. आणि काँडर पक्षी दोन रंगांत, दोन नावांनी आला. सोनेरी रंगाचा बझसॉ साउंडवेव्हबरोबर मिळे. लाल रंगाचा लेझरबीक वेगळ्या पाकिटात, फ्रेंझी नावाच्या दुसऱ्या कॅसेटच्या जोडीला.

त्याच वर्षी अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींवरची जुनी बंधनं उठवली होती. त्यामुळे खेळण्यांवरच बेतलेली कार्टून मालिका रोज दाखवायला आता आडकाठी उरली नाही. ट्रान्स्फॉर्मर्सची मालिका सप्टेंबर १९८४ मध्ये सुरू झाली. त्यात लेझरबीक हा हेर होता. साउंडवेव्हने छातीवरचं दार उघडावं, कॅसेट बाहेर उडावी, हवेतच तिचा पक्षी व्हावा, शत्रूच्या तळावर जाऊन त्याने सगळं टिपून आणावं, आणि परत येऊन कॅसेट म्हणून छातीत शिरावं. टेपचं काम ऐकणं आणि साठवणं, हेराचंही तेच. खेळण्याचा आकार आणि पात्राचा स्वभाव इतके चपखल जुळल्याची उदाहरणं मला फार दिसत नाहीत.

मात्र हातातल्या लेझरबीकला एक अडचण होती. त्याच्या दोन चकचकीत तोफा वेगळ्या होत्या आणि त्या पक्ष्याला लावायच्या असत. कॅसेट करताना त्या काढून ठेवाव्या लागत, कारण सपाट कॅसेटमध्ये त्यांना जागाच नव्हती. काढून ठेवलेली वस्तू हरवते, हे मुलं असलेल्या कुठल्याही घराला सांगायला नको. पुढे या मालिकेत हत्यारालाच जीव देण्याची जी टूम निघाली, तिच्याकडे मी या अडचणीच्या संदर्भात बघतो. हत्यार हे नुसतं हत्यार असलं तर ते सोफ्याखाली जातं. हत्यारच एक पात्र असलं, त्याला नाव असलं, तर त्याची काळजी घेतली जाते. आणि अर्थातच, एका पाकिटात दोन पात्रं विकता येतात.

ही टूम १९८७ साली उघडपणे दिसली. त्या वर्षी टार्गेटमास्टर नावाची खेळणी आली. मोठ्या यंत्रमानवाच्या हातातली बंदूक उलगडली की तिचा छोटा माणूस होई. गोष्टीतही ते दोघं जोडीदार. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मूळ कार्टून मालिका अमेरिकेत संपली. त्याआधी १९८६च्या चित्रपटात ऑप्टिमस प्राइमला मारून टाकण्यात आलं होतं, नव्या खेळण्यांना जागा व्हावी म्हणून. त्याच्या मृत्यूने मुलं इतकी दुखावली की १९८७ साली त्याला मालिकेत परत जिवंत करावं लागलं. कंपनीला जो माल वाटत होता, तो मुलांना आपला माणूस वाटत होता. हा धडा कंपनीने घेतला खरा, पण माझ्या मते तो उलटा घेतला.

तो कसा, ते सांगतो. दुकानातला ट्रान्स्फॉर्मर आणि पडद्यावरचा ट्रान्स्फॉर्मर यांत मोठा फरक होता. पडद्यावरचा धावे, वाके, मूठ उगारे. हातातला मात्र बहुधा ताठ उभा राही. त्याला मोटार व्हायचं असे, म्हणून छातीवर काच आणि पायांत चाकं; गुडघा वाकवायला सवड कुठून येणार? ज्या युक्तीने रूप बदलतं, तीच युक्ती हातपाय जखडून ठेवते. दुसरीकडे, १९८८ मध्ये निन्जा कासवांच्या बाहुल्या आल्या आणि धडाक्याने खपू लागल्या. त्या काही बदलत नव्हत्या. त्या फक्त ओळखीच्या होत्या आणि हातपाय हलवत होत्या. मुलांना पात्र हवंय, युक्ती नकोय, असं हिशेबनिसांना वाटलं असेल तर नवल नाही.

म्हणून १९९० साली ॲक्शन मास्टर्स आले. आकार लहान झालेल्या जी. आय. जो सैनिकाच्या आसपासचा. चेहरेमोहरे कार्टूनसारखे, हातपाय वाकणारे. ऑप्टिमस प्राइम आता ट्रक होत नव्हता. तो ट्रकमधून जात होता. ट्रक ही वेगळी वस्तू असायची आणि प्राइम त्यात बसायचा. विचार करा, ज्याचं अंगच ट्रक होतं, त्याला आता ट्रक चालवावा लागला! स्टारस्क्रीम, जो पूर्वी विमान होई, त्याला विमान दिलं. मेगाट्रॉनला रणगाडा दिला. आणि ज्यांना वाहन दिलं नाही, त्यांना सोबती दिले. साउंडवेव्हला विंगथिंग नावाचं वटवाघळासारखं यंत्र मिळालं आणि जॅकपॉटला साइट्स पाखरू. हे सोबती बंदुका होत. म्हणजे पाकिटावरचं ‘ट्रान्स्फॉर्मर्स’ हे नाव खरं ठेवण्याचं काम या वाहनांवर आणि या चिमुकल्या प्राण्यांवर आलं.

चित्रकथेत याचं कारण द्यावं लागलं. तिथे न्यूक्लिऑन नावाचं इंधन आलं. ते घेतलं की यंत्रमानवाच्या अंगात प्रचंड बळ येतं, पण रूप बदलण्याची शक्ती जाते. ग्रिमलॉक नावाचा राक्षसी सरड्याचं रूप घेणारा योद्धा ते घेतो आणि त्याची किंमत मोजतो. आपल्या पुराणांत वर आणि शाप जोडीनेच येतात, तसंच हे. व्यापाऱ्याने केलेला बदल लेखकाला पदरात घ्यावा लागला आणि त्याने त्यातून एक शोकांतिका काढली. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत प्रामाणिक वाटतो तो हा लेखक. काहीतरी गमावलं आहे, हे त्याने निदान कबूल केलं.

ही चित्रकथा १९९१ मध्ये ८०व्या अंकावर बंद झाली. अमेरिकेतल्या दुकानांतूनही १९९०च्या त्या मालानंतर ट्रान्स्फॉर्मर्सची नवी खेळणी येणं थांबलं. युरोपात ती पुढे काही काळ चालली. जपानमध्ये ताकाराने आपली रूप बदलणारी खेळणी काढणं चालूच ठेवलं होतं. १९९३ साली हॅस्ब्रोने अमेरिकेत पुन्हा सुरुवात केली, तेव्हा सगळ्यात आधी काय परत आणलं? रूप बदलणं. ऑप्टिमस प्राइम पुन्हा ट्रक झाला. १९९६ मध्ये बीस्ट वॉर्स आलं. त्यात मोटारींऐवजी प्राणी होते, पण प्रत्येक प्राणी स्वतःच बदलत होता. २००२ मध्ये आर्माडा ही मालिका आली. त्यात मिनी-कॉन नावाचे लहान सोबती होते आणि तीन छोटी विमानं मिळून एक तलवार होई. सोबत्याचं शस्त्र होणं तिथे पुन्हा आलं. फरक इतकाच की त्या वेळी धनीही बदलत होता.

ही खेळणी कुणाच्या हाताच्या मापाची होती, याचा विचार केला की मला या इतिहासाचा खरा धागा दिसतो. १९८३चा काँडर मुलाच्या हाताच्या मापाचा होता. खऱ्या कॅसेटएवढा, मुलाच्या खिशात आणि मुलाच्या जगात राहणारा. १९८४चा मेगाट्रॉनही तसाच. तो वॉल्थर पी-३८ या जर्मन पिस्तुलाच्या आकाराचा होता आणि मुलाच्या हातात पिस्तुलासारखा बसे. १९९०चं साइट्स पाखरू मात्र बाहुल्याच्या मुठीच्या मापाचं होतं. बंदूक आता जॅकपॉटची, पाखरू जॅकपॉटचं, नेम जॅकपॉटचा. मूल त्या दोघांचं नाटक लावून देणारं. खेळ मुलाच्या जगातून उठून बाहुल्याच्या जगात गेला.

पिस्तूल मुलाच्या हातातून गेलं हे बरंच झालं, असं कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकीला नारिंगी टोक असलंच पाहिजे, असा कायदा अमेरिकेत १९८९ पासून लागू झाला, तो उगीच नव्हे. खोटी बंदूक खरी समजली गेली तर काय होतं, हे सांगायची गरज नाही. पाखराची बंदूक व्हावी, ही कल्पनाही काही आईवडिलांना खटकेल. मलाही ती थोडी खटकते. पक्षी म्हटलं की आपल्या मनात मोकळं आकाश येतं आणि त्याचा शेवट चापावर व्हावा, हे काही गोड नाही. पण ते पाखरू हाताळताना मुलाला नेमकं काय आवडत असेल, असा विचार केला तर उत्तर बंदूक हे नसावं. पाखराची बंदूक होते आणि बंदुकीचं परत पाखरू होतं, यातलं ‘परत’ महत्त्वाचं. खऱ्या जगात बंदुकीचं पाखरू होत नाही. खेळात होतं, आणि ते मुलाच्या बोटांनी होतं.

ॲक्शन मास्टर्स काढणाऱ्यांनी पात्र ठेवलं, नाव ठेवलं, चेहरा सुधारला, हातपाय मोकळे केले. ज्या ज्या गोष्टी डोळ्याला दिसतात, त्या सगळ्या चांगल्या केल्या. जी गोष्ट फक्त बोटांना कळते, ती काढून टाकली. घडी कुठे मोडते, खटका कुठे बसतो, पंख आधी मिटायचा की मान आधी वळवायची, ही माहिती मुलाच्या बोटांत साठते. दहा वेळा केलं की डोळे मिटूनही येतं. ते शिकलेलं अंग त्या खेळण्याला मुलाशी बांधून ठेवतं. ऑप्टिमस प्राइमसाठी मुलं रडली, ती कार्टून बघून रडली हे खरं. पण त्याला रोज आपल्या हाताने ट्रकचा माणूस केल्यामुळेही तो त्यांचा झाला होता, असं मला वाटतं. हिशेबात हे धरलं गेलं नाही.

२००७ पासून ट्रान्स्फॉर्मर्सचे मोठे चित्रपट आले आणि आपल्याकडची मुलंही ही नावं घेऊ लागली. २०११च्या चित्रपटात लेझरबीक पुन्हा हेर म्हणून दिसला. जॅकपॉटचं आणि साइट्सचं नाव मात्र जुनी खेळणी जमवणाऱ्यांपुरतं उरलं. साहजिक आहे, नायकाच्या सोबत्याला इतिहासात जागा कमीच मिळते. तरीही ज्या वर्षी मोठे वीर आपलं मूळ काम विसरले, त्या वर्षी या मुठीएवढ्या पाखराने ते चालू ठेवलं, एवढी नोंद त्याच्या नावावर असायला हरकत नाही.

आपण मुलांसाठी खेळणं विकत घेतो तेव्हा पाकिटावरचं नाव बघतो, किंमत बघतो, हल्ली बॅटरी किती लागतात तेही बघतो. दुकानदाराला अजून एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे? हे खेळणं मुलाने हातात घेतलं, तर त्याच्या बोटांना यात काय काम आहे?